आकड्याची इर्जिक

माझं लग्न एका आकड्यावर अडलं होतं असं सांगितलं की ऐकणारा लगेच चेहरा पाडतो आणि हुंड्याबद्दल चार शब्द बोलायला लागतो. त्याला मध्येच थांबवावं लागतं. हुंड्याचा इथं काही संबंध नाही. आकडा म्हणजे खरोखरचा आकडा: १२३४५६७८९१. एक ते नऊ ओळीनं, आणि शेवटी पुन्हा एक. वाचायचाच झाला तर एक अब्ज तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे एक्क्याण्णव. हा मी त्या वर्षी एवढ्या वेळा म्हटलाय की आजही शुभंकरोतीच्या चालीत म्हणून दाखवते.

वडील औरंगाबादेत एका हायस्कुलात गणित शिकवायचे. स्वतः शिकले निजामाच्या काळात, उर्दूतून. पोलीस अ‍ॅक्शन झाली आणि शिकवायची वेळ आली ती मराठीतून. फळ्यावर बेरीज करताना हातचा घ्यायची वेळ आली की त्यांच्या तोंडून 'हासिल' निघायचं, मग ते जीभ चावायचे आणि पोरं खुशीत यायची. आम्ही औरंगपुऱ्यात दोन खोल्यांत राहायचो. घरात आई, मी आणि वडिलांचे आकडे.

हा आकडा त्यांना वर्गात सापडला. पाचवीच्या पोरांना फळ्यावर एक ते दहा लिहून दाखवत होते. नऊपर्यंत आले, दहाचा एक लिहिला आणि घंटा झाली. शून्य राहून गेलं. पोरं दप्तरं उचलून पळाली. वडील मात्र खडू धरून तिथंच. समोर एक दहा अंकी आकडा उभा होता आणि तो कुणी मुद्दाम लिहिलेला नव्हता. याला कशानं भाग जाईल? दोननं नाही, शेवटी एक आहे. तीननं नाही, अंकांची बेरीज सेहेचाळीस. पाचनं तर नाहीच. सातनं करून बघितलं, उरली बाकी. पुढच्या तासाचे मास्तर दारात येऊन खाकरले तेव्हा वडील सत्तेचाळीसपर्यंत पोचले होते.

ज्या आकड्याला एक आणि तो स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही त्याला मूळ संख्या म्हणतात, हे शाळेत सगळे शिकतात आणि परीक्षा झाली की विसरतात. वडील विसरले नाहीत, एवढाच त्यांचा दोष. हा आकडा मूळ आहे असं त्यांच्या मनानं घेतलं. आता तो मूळ आहे हे सिद्ध कसं करायचं? एकेका आकड्यानं भागून बघायचं आणि भाग जात नाही याची खात्री करायची, दुसरा मार्ग त्यांच्याकडं नव्हता. पस्तीस हजार एकशे छत्तीसपर्यंत भागलं की पुरे. का, ते त्यांनी आईला कणीक मळताना समजावलं होतं. "आकडा फुटलाच तर दोन भावांसारखा फुटणार. एक धाकटा, एक थोरला. धाकटा कितीही वाढला तरी पस्तीस हजार एकशे छत्तीसच्या पुढं जाऊ शकत नाही, गेला तर दोघांचा गुणाकार आकड्यापेक्षा मोठा होईल. धाकटा सापडला नाही तर थोरला असायचं कारणच नाही."

"आन् सगळ्या आकड्यांनी भागायचं?" आईनं विचारलं.

"छे. फक्त मूळ आकड्यांनी. दोनलाच घरात घेतलं नाही, तर चारला कोण घेणार?"

आई म्हणाली, "बरं," आणि कणकेवर ओला फडका टाकला.

मूळ आकड्यांनीच म्हटलं तरी ते साडेतीन हजारांच्या वर भागाकार झाले. वडिलांनी हिवाळाभर राबून भाजक तीन हजारांपर्यंत नेला. जेवताना भागाकार, दाढी करताना भागाकार. एकदा शहागंजला भाजी आणायला गेले आणि नुसती पिशवी हलवत परत आले, चेहऱ्यावर एवढा आनंद की आईला बोलवेना. दोन हजारांची वेस ओलांडली होती म्हणे.

आमचं मूळ गाव फुलंब्री. तिथं वडिलांचे थोरले भाऊ, आमचे आबा, शेती बघायचे. घरातला शेवटचा शब्द आबांचा. ते चौथीपर्यंत शिकले होते, तेही उर्दूत, आणि धाकट्या भावाला ते 'मास्तर' म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि चिडवणं किती हे वडिलांनाही कधी कळलं नाही. त्या वर्षी मी मॅट्रिकच्या परीक्षेला बसले आणि आबांनी माझ्यासाठी गंगापूरचं एक स्थळ आणलं. उसाचं रान, दोन विहिरी, मुलगा उंच आणि लाजाळू. त्या मुलाबद्दल माझी काही तक्रार नव्हती. माझी तक्रार एवढीच होती की मला कॉलेजात जाऊन गणित घ्यायचं होतं, आणि ही गोष्ट फुलंब्रीच्या ओसरीवर उच्चारली की सगळे माझ्याकडं असं बघायचे जणू मी विहिरीत उडी घ्यायची परवानगी मागतेय.

होळीला आम्ही गावी गेलो. लोक गावी जाताना पेढे नेतात, वडील आकडा घेऊन गेले. जेवण झाल्यावर त्यांनी तो आबांना कोळशानं ओट्यावर लिहून दाखवला आणि म्हणाले, "दादा, हा फुटत नाही."

आबांनी पानाला चुना लावला. "एवढा मोठा आन् फुटत नाय?"

"नाही."

"मास्तर, मोठं झालं की फुटतंच. घरं फुटत्यात, गावं फुटत्यात. निजामाचं येवढं मोठं राज्य, चार-पाच दिसांत फुटलं. तुझा नंबर काय त्याच्याहून मोठा हाय?"

"राज्याचं वेगळं, दादा. याला भाग जात नाही."

"तुला जात नसंल."

वडील तसे शांत गृहस्थ. त्यांना कुणी काहीही म्हणावं, पण तुम्हाला भागाकार येत नाही असं म्हणू नये. त्यांचे कान लाल झाले. "हा आकडा फुटला तर तुम्ही म्हणाल ते करीन," असं ते बोलून गेले.

आबांनी पान तोंडात टाकलं. "फुटला तर पोरगी गंगापूरला. ह्याच मोसमात. नाय फुटला तर शिकू दे तिला, जिथवर शिकायचं तिथवर. म्या तोंड उघडणार नाय."

आई आतून ओरडली, "माझी पोर म्हंजी बाजारातलं वासरू हाय का, पैजंवर लावायला?" आबा अंगणात पिंक टाकायला उठले. मला भयंकर राग आला. आबांचा आलाच, पण वडिलांचा जास्त. एवढं माझं आयुष्य, आणि ते यांनी कोळशानं ओट्यावर लिहिलेल्या आकड्याला बांधून टाकलं. त्या रागातही एक गोष्ट मात्र घडली. त्या दिवसापासून मी आकड्याच्या बाजूची झाले. आजारी माणसाची करावी तशी मी त्याची काळजी करायला लागले. आज कितीनं भागलं? नाही गेला ना भाग? बरं झालं.

अडचण अशी की लग्नाचा मोसम संपायच्या आत गंगापूरच्या पाहुण्यांना उत्तर द्यायचं होतं, आणि वडिलांचे तीन हजारांवर भागाकार अजून बाकी होते. आबांना हे कळलं तेव्हा त्यांच्यातला शेतकरी जागा झाला. कुणाचंही काम मागं पडलेलं त्यांना बघवायचं नाही, मग ते त्यांच्या विरुद्ध जाणारं का असेना. त्यांनी निरोप धाडला, "एकट्याच्यानं व्हायचं नाय. इर्जिक घालू."

इर्जिक म्हणजे काय ते सांगते. एखाद्याचं रान नांगरायचं मागं पडलं की गावातले लोक आपापली औतं घेऊन येतात आणि सगळे मिळून एका दिवसात ते रान उलटंपालटं करून देतात. मजुरी नाही. मालकानं पोटभर जेवू घालायचं, हलगी लावायची आणि हात जोडायचे. त्यात एक रीत कडक असते. आपल्या वाट्याला आलेलं रान कुणी अर्धवट टाकून उठत नाही. बांधाकडेला वीतभर जागा जरी नांगरायची राहिली तरी तो मालकाचा अपमान समजतात.

तर वैशाखात, रानं मोकळी असताना, आमच्या आमराईत भागाकाराची इर्जिक भरली. माझ्या माहितीत अशी इर्जिक त्याआधी झाली नव्हती आणि नंतर कुणी घातली नाही. भावकीतले चौथी-पाचवी शिकलेले झाडून सगळे आले. औरंगाबादहून वडिलांचे जुने विद्यार्थी आणि त्यांच्या शाळेतले दोघंतिघं मास्तर एसटीनं आले. बायकाही होत्या, मोठी आई त्यांत पुढं. मोठी आई म्हणजे आबांची बायको. तिला लिहिता-वाचता यायचं आणि हे आबांना आवडत नाही म्हणून ती ते वरचेवर करायची. वडिलांनी चिठ्ठ्यांवर भाजक लिहून आणले होते. एकेक चिठ्ठी घ्यायची, पाटीवर भागाकार करायचे, आणि आमराईच्या तोंडाशी मी बसले होते, तिथं येऊन बाकी सांगायची. म्हणजे मी मुकादम. माझ्याच लग्नाच्या कामावर.

पहिल्याच तासाला गोंधळ सुरू झाला. आबांचे एक चुलतभाऊ तालमीतले. ते म्हणाले, "मला मोठ्यातले मोठे नंबर द्या. बारीक-सारीक बाया-पोरांला द्या." मग सगळ्याच पुरुषांना मोठे नंबर हवेसे झाले. वडिलांनी ते आनंदानं दिले. भाजक मोठा असला की उत्तरात अंक कमी येतात आणि काम लवकर आटपतं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सगळ्यात बारीक भाजकांची, म्हणजे सगळ्यात लांब भागाकारांची चिठ्ठी कुणीच उचलेना. ती तशीच दगडाखाली पडून राहिली. तिच्या पुढच्या नंबरांची मोठ्या आईनं उचलली.

हलगीवाला आला होता. इर्जिक म्हटल्यावर तो येणारच. पण इथं औतं नव्हती, आरोळ्या नव्हत्या, माणसं मान खाली घालून पुटपुटत बसलेली. त्यानं थोडा वेळ वाट बघितली, मग कुणाचीही चिठ्ठी संपली की तो वाजवायला लागला. त्यात वडिलांचे विद्यार्थी हातचे विसरायचे. निम्मी म्हातारी मंडळी उर्दू पहाडे म्हणत होती, तरणी मराठी पाढे. शेजारी शेजारी बसलेले दोघं एकमेकांच्या पाढ्यात शिरले आणि एकानं भाजकापेक्षा मोठी बाकी आणली. मी त्याला परत पाठवलं. "पोरगी लई कडक हाय," तो म्हणाला, "गंगापूरवाल्यांचं कठीण हाय."

पण खरी पंचाईत वेगळीच होती. या कामात यश म्हणजे काहीच न होणं. दिवसभर राबायचं आणि भाग जाऊ नये अशी इच्छा धरायची. शेतकऱ्याच्या हे पचनी पडेना. प्रत्येकाला वाटत होतं आपल्या हातून फुटावा. बाकी सांगायला येताना माणसं ओशाळलेली असायची. तालमीतल्या काकांनी तर माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "एकवीस हजार उरले गं. सगळ्यांसमोर वाचू नको." संध्याकाळी जेवताना एकजण म्हणाला, "एवढे राबलो, काय निघालं?" वडील खूश होऊन म्हणाले, "काही निघालं नाही!" आणि त्याला आग्रहानं तिसरी पुरणपोळी वाढली. येसराची आमटी झकास जमली होती म्हणून तो गप्प राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गंगापूरचे पाहुणे आले, म्हणजे त्या मुलाचे वडील. ते पैजेचा निकाल ऐकायला आले होते. पण चार माणसं काम करत असताना हात बांधून बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पांढरा फेटा सारखा करत म्हणाले, "आमालाबी द्या की एक चिठ्ठी. इर्जिकीला येऊन नुसतं जेवू का?" उरली होती ती दगडाखालचीच. वडिलांना संकोच वाटला, पण पाहुण्यांनी ती घेतली, पाटी घेतली आणि एका आंब्याखाली पाठ टेकून बसले. मोठा सज्जन माणूस. भागाकार करताना ओठ हलायचे आणि मध्येच आपल्याशीच मान डोलवायचे. मला ते फार आवडले, आणि त्यामुळं आणखी भीती वाटली.

ऊन कलल्यावर ते माझ्याकडं आले. एकेका भाजकाची बाकी सांगत गेले, मी खूण करत गेले. मग म्हणाले, "तीन हजार सहाशे सात. साफ."

"बाकी?"

"काय नाय. साफ केलंय."

मी पाटी मागितली. पाटी त्यांनी पुसलेली होती. मी काही बोलायच्या आत कुणीतरी "फुटला!" म्हणून ओरडलं आणि हलगीवाल्यानं दोन दिवसांची कसर भरून काढली. आबांनी फेटा हवेत उडवला. ज्यांना काल लाज वाटत होती ते सगळे उठून पाहुण्यांच्या पाया पडायला लागले. वडील जिथं होते तिथंच खाली बसले. त्यांनी धावत जाऊन भागाकार करून बघायला हवा होता, पण त्यांचा हात उठेना. आकडा त्यांनी हिवाळ्यापासून लेकरासारखा सांभाळला होता, आणि पैजेवर मात्र खरं लेकरू लावलं होतं. हे त्यांना तेव्हा एकदम कळलं असावं, कारण ते माझ्याकडं बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

माझ्या अंगात मात्र संताप चढला होता. मी खडू घेतला आणि आमराईतल्या गुरांच्या कोठ्याच्या दारावर भागाकार मांडला. "एक उरतोय!" मी ओरडले. "आबा, एक उरतोय!"

आबा म्हणाले, "उरणारच. लगीन तुझं हाय, तुला उरणारच."

सगळे हसले. मी वडिलांकडं खडू धरला. ते मान हलवून म्हणाले, "मी केलेला कोण धरील? मीही पैजेतलाच." तेवढ्यात मोठी आई पुढं आली आणि तिनं खडू सरळ पाहुण्यांच्या हातात दिला. "दाजी, तुमी केला, तुमीच पुन्यांदा करा. समद्यांसमोर."

पाहुण्यांनी हरकत घेतली नाही. दारासमोर उभे राहिले, फेटा सारखा केला आणि मोठ्यानं बोलत भागायला लागले. बारा हजार तीनशे पंचेचाळीसमध्ये तीन वेळा. सहा खाली घेतला. चार वेळा. सात खाली घेतला. दोन वेळा. आठ घेतला, पुन्हा दोन वेळा. मग नऊ खाली घेतला. पंचवीस हजार दोनशे एकोणपन्नास झाले. "साती साता एकोणपन्नास..." त्यांनी सातानं गुणलं. पंचवीस हजार दोनशे एकोणपन्नास. तंतोतंत. वजाबाकीखाली त्यांनी मोठ्ठं शून्य काढलं.

आमराई पुन्हा दणाणली. हलगीवाल्यानं हात उचलला. मी डोळे मिटून घेतले.

"थांबा की," पाहुणे म्हणाले. "अजून हा एक हाय." त्यांनी शेवटचा एक खाली उतरवला. शून्याशेजारी एकटा उभा. "एकात काय तीन हजार सहाशे सात जात नाय."

"मग?" आबांनी विचारलं.

"मग काय. एक उरला."

"मघाशी बी उरला व्हता?"

"व्हय तर."

"मग सांगितला काहून नाय?"

पाहुणे गोरेमोरे झाले. "आबासाहेब, इर्जिकीला आलो मी. येवढं सगळं रान साफ निघालं, आन् बांधाला हे येवढंसं ढेकूळ राहिलं. आता येवढ्यापाई मालकाला बाकी सांगायची? तुमच्या दारात काम ठिवून गेलो म्हनायचं? म्या ते मोडून टाकलं."

मोठी आई कडाडली, "माझा बी एकच उरला व्हता काल! तीन हजार आठशे तीनला! म्या सांगितला की! मला काय रीतभात नाय व्हय?"

हे ऐकलं आणि वडील उडी मारून उठले. दोघांनाही एकच उरला? त्यांनी पाहुण्यांच्या हातातला खडू ओढून घेतला, दारावर दोन भाजक लिहिले, गुणले, वर नव्वदनं गुणले. १२३४५६७८९० आलं. शेवटच्या एकाच्या जागी शून्य. घंटा झाली नसती तर फळ्यावर हाच आकडा उमटला असता. "बघा!" ते ओरडत होते, "हा एक काढला की आकडा शेंगेसारखा फुटतो! दोननं फुटतो, तीननं फुटतो, पाचनं फुटतो, या दोन्हींनी फुटतो. सगळा जोर त्या एकात आहे!" आणि त्यांनी गंगापूरच्या पाहुण्यांना मिठी मारली. पाहुण्यांना वाटलं आपली चूक माफ झाली, म्हणून त्यांनीही मारली. मी एका बाजूला उभी राहून हुंदके देत रडत होते आणि मला कुणी विचारत नव्हतं.

उरलेल्या चिठ्ठ्या दिवेलागणीपर्यंत संपल्या. शेवटचा भाजक, पस्तीस हजार एकशे एकोणतीस, आबांनी स्वतः मागून घेतला. पाटी मांडीवर घेऊन उर्दू पहाडे पुटपुटत बसले. उत्तर आलं पस्तीस हजार एकशे त्रेचाळीस, बाकी एकोणतीस हजार चारशे चव्वेचाळीस. वडील वाकून म्हणाले, "दादा, बघा. इथं धाकटा आणि थोरला जवळजवळ सारखे झाले. आता पुढं शोधायचं काही राहिलं नाही."

आबांनी पाटीकडं बघितलं. मग वडिलांकडं. "नाय फुटत," ते म्हणाले. "शिकू दे तिला." शब्दाला पक्का माणूस. त्यानंतर माझ्या शिक्षणाबद्दल त्यांनी खरोखर तोंड उघडलं नाही, चांगलं बोलायलासुद्धा नाही. गंगापूरच्या पाहुण्यांनी जाताना मला डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "पोरी, आमच्या घरी आली असतीस तर आनंद व्हता. पर तो एक तुझा व्हता. मला काय ठाव?" पुढं कित्येक वर्षं त्यांच्याकडून गुळाची ढेप येत राहिली. त्यांच्या मुलाची बायको चांगली निघाली, असं ऐकलं.

मी कॉलेजात गेले, गणित घेतलं, आणि तिथंच मला पहिल्यांदा शंका आली. इर्जिकीतले बाकीचे सगळे भागाकार बरोबर होते कशावरून? ज्यांना भिडेपोटी एक मोडता येतो, त्यांच्या हातून आणखी काय काय मोडलं असेल? हे मी वडिलांना विचारलं. ते गडबडून म्हणाले, "तू पदवी घेईपर्यंत हा प्रश्न काढू नकोस." म्हणजे मी शिकले ती बऱ्यापैकी उधारीवरच. फार वर्षांनी कॉम्प्युटर आला आणि त्यानं पापणी लवायच्या आत सांगितलं, मूळ आहे. त्याला कुणी येसर वाढलं नाही, हलगी लावली नाही. मला ते जरा चुकल्यासारखंच वाटलं.

पण सांगायचं ते वेगळंच. कॉम्प्युटर यायच्या खूप आधी मला औरंगाबादेत कॉलेजात शिकवायची नोकरी लागली. पेढे घेऊन फुलंब्रीला गेले. आबा थकले होते. अंगणात लिंबाखाली बाजेवर बसलेले, मांडीवर पाटी. मोठ्या आईनं सांगितलं की रोज सकाळी चहाच्या आधी ते हेच करतात. मला हसू आलं आणि थोडा रागही. म्हटलं, हरले तरी अजून जिद्द सुटत नाही.

"आबा, अजून फोडताय का?"

"फोडत नाय गं." त्यांनी पाटी माझ्याकडं वळवली. तीन हजार सहाशे सातचाच भागाकार. नऊपर्यंत आला होता. खाली मोठ्ठं शून्य. "बघतो नुसता. हितं आलं की रोज छातीत धस्स व्हतं बघ. वाटतं, आज गेली पोरगी गंगापूरला."

मग त्यांनी शेवटचा एक खाली उतरवला आणि त्याच्याकडं बघितलं.

"हाय," ते म्हणाले. "जा आता. तुझी एसटी चुकंल."